शून्याचा शून्यावा घात आणि एक पुस्तकचोर

घातांकांचे दोन नियम शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेले असतात. शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक. आणि शून्याचा कुठलाही धन घात शून्य. दोन्ही नियम आपापल्या जागी अगदी सभ्य. मग एखादं चौकस पोर विचारतं, "सर, शून्याचा शून्यावा घात किती?" आणि सर म्हणतात, "ते परीक्षेला नाही." (सरांना दोष देऊ नका. या प्रश्नाने भल्याभल्यांची विकेट काढली आहे.)

शून्य म्हटलं की आपली मान ताठ होते, तेव्हा आधी आपल्याकडचं बघू. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याच्या आकडेमोडीचे नियम दिले. आपल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) शून्याचा वर्ग, घन, मुळं, सगळं आहे. पण शून्यावा घात नाही. असणार तरी कसा? तेव्हा घातांना वर्ग, घन, वर्गवर्ग अशी नावं होती. नावांच्या या रांगेत 'शून्यावा' बसवायला जागाच नाही. त्यासाठी घात हा संख्येच्या डोक्यावर बसवलेला छोटा आकडा व्हावा लागतो. ती लिहिण्याची पद्धत रूढ झाली देकार्तच्या १६३७ मधल्या भूमितीच्या पुस्तकामुळे. देकार्तचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा आकडा वर चढला की तिथे शून्य बसणं ओघानेच आलं. ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात ०^० म्हणजे १ असं फारशी चर्चा न करता लिहून टाकलं. पुढे १८२१ मध्ये पॅरिसच्या कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात एक यादी दिली: ज्यांचं उत्तर नुसत्या रूपावरून ठरत नाही अशा गोष्टींची. तिथे शून्य भागिले शून्य होतं, अनंत वजा अनंत होतं, आणि त्यांच्याच पंगतीत ०^० येऊन बसलं.

आता आपला पुस्तकचोर. गुग्लिएल्मो लिब्री, फ्लॉरेन्सचा सरदारपुत्र, इटलीतल्या राजकारणातून पळून पॅरिसला आलेला. १८३३ मध्ये त्याने बर्लिनच्या क्रेलेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात एक अजब चीज होती: शून्याच्या डोक्यावर शून्य, आणि त्याच्या डोक्यावर 'क्ष वजा अ'. ०^० एक धरलं, की क्ष हा अ पेक्षा मोठा असताना याचं उत्तर १ येतं, नाहीतर ०. म्हणजे 'जर असं असेल तर' ही अट त्याने चक्क सूत्रात कोंबली! आजचा प्रोग्रॅमर हे काम एका ओळीत करतो, पण १८३३ मध्ये ही कल्पना सुचणं साधं नव्हतं.

माणूस मात्र भलताच. फ्रान्सच्या सरकारी ग्रंथालयांतल्या हस्तलिखितांची सूची करण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. बोक्याकडे दुधाची राखण! १८४८ च्या क्रांतीत तो पेट्याच्या पेट्या घेऊन लंडनला पसार झाला. १८५० मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ती त्याने कधी भोगली नाही. त्याने लांबवलेल्या मालात देकार्तची पत्रंही होती. १६४१ चं एक पत्र २०१० मध्ये अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजात सापडलं आणि फ्रान्सला परत गेलं. ज्याच्यामुळे आकडा वर चढला, त्याचीच पत्रं या गृहस्थाने पळवावीत!

असो. लिब्रीचं ०^० बद्दलचं समर्थन लोकांना काही पटलं नाही. मग १८३४ मध्ये मोबियस (हो, तोच पट्टीवाला, पण पट्टी खूप नंतरची) मदतीला धावला. आपले गुरू फाफ यांच्या आधाराने त्याने सिद्धता छापली: पाया आणि घातांक दोन्ही शून्याकडे सरकत असतील तर उत्तर १ कडेच सरकतं. लगेच 'एस' एवढीच सही करणाऱ्या कुणीतरी त्याला आडवं केलं. पाया असा घ्या, म्हणे, की तो भयानक वेगाने शून्याकडे धावेल, आणि घातांक रमतगमत येईल. त्याच्या उदाहरणात उत्तर येतं ०.३६८ च्या आसपास, आणि शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी तेच राहतं. त्यात थोडा फेरफार करा, ०.५ येईल. मोबियस उताणा! आणि ०^० वर 'व्याख्या नाही' हा शिक्का बसला तो बसलाच.

मला विचाराल तर इथे घोटाळा झाला. 'एस'चं म्हणणं बिनतोड आहे, पण ते सरकणाऱ्या राशींबद्दल आहे. आपल्या पोराने विचारलं होतं ते स्थिर, जागच्या जागी बसलेल्या शून्याबद्दल. तीन प्रकारचे लाडू आणि दोन मुलं, प्रत्येकाने एकेक प्रकार निवडायचा: तीनाचा वर्ग, म्हणजे नऊ तऱ्हा. लाडू नाहीत आणि मूल एक, तर निवडायची एकही तऱ्हा नाही: शून्य. पण लाडूही नाहीत आणि मुलंही नाहीत? तेव्हा कुणाचं काही अडतच नाही, 'काहीच न करणं' ही एक तऱ्हा उरते. उत्तर १. द्विपद प्रमेयाने (१+०) चा वर्ग उलगडून बघा, ०^० ला १ मानल्याशिवाय तो १ येतच नाही. डोनाल्ड क्नूथने १९९२ च्या एका लेखात हा सगळा जुना तंटा पुन्हा उकरून काढला आणि जोरदारपणे १ च्या बाजूने कौल दिला.

संगणकवाल्यांनी २००८ च्या फ्लोटिंग-पॉइंट आकडेमोडीच्या मानकात दोघांनाही खूश केलं. तिथे घात काढण्याची तीन वेगळी फलनं आहेत, दोन ०^० ला १ म्हणतात आणि तिसरं 'ही संख्याच नाही' म्हणतं. घरी करून बघा: पायथॉन तुम्हाला १ देईल, एक्सेल मात्र चूक दाखवून हात वर करेल, वर्गातल्या सरांसारखं.