'खाजगीकरण बंद करा' आणि 'आरक्षण वाचवा'

जागतिक सामाजिक मंच ब्राझीलबाहेर पहिल्यांदा भरला तो मुंबईत, गोरेगावच्या नेस्को मैदानावर, 16 ते 21 जानेवारी 2004 ला. त्यावर डाव्या मित्रांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात इराक आहे, जागतिक व्यापार संघटना आहे, बुश आहे. दलित दिसतात ते फोटोत, वाजवताना.

शेवटच्या दिवशी आझाद मैदानाकडे निघालेल्या मोर्चात मी होतो. दलित स्वाधिकार रॅलीचे लोक देशभर फिरून मुंबईत पोचले होते. तमिळ पोरे परई (आपली हलगीच ती!) वाजवत होती. भाषा कळत नव्हती, 'जय भीम' कळत होते. शेजारचा युनियनवाला 'खाजगीकरण बंद करा' म्हणाला, मी पुढे 'आरक्षण वाचवा' जोडले. तो म्हणाला, "कॉम्रेड, इथे जातीचा विषय नको, एकजूट फुटेल."

मित्रांनो, खरी गोम इथेच आहे. घटनेचे कलम 16(4) सरकारी नोकऱ्यांपुरते. 2000 साली मॉडर्न फूड्स हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली, 2001 साली बाल्कोचा 51 टक्के हिस्सा स्टरलाइटला. कंपनी खाजगी झाली की पुढच्या भरतीतले आरक्षण संपते. त्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना संसदेत चर्चा. आणि बाल्को विकताना निर्गुंतवणूक खात्याचे मंत्री कोण? 1997 साली बाबासाहेबांविरुद्ध पुस्तक लिहिणारे अरुण शौरी. मग जातीचा विषय मोर्चात कोणी आणला, आम्ही की सरकारने?

आपल्यातलेही काही विद्वान सांगतात, बाजाराला जात नसते, जागतिकीकरणाने जातीचे धंदे मोडले. त्यांनी मुंबईत पहाटे कचऱ्याच्या गाडीमागे धावणारे कंत्राटी कामगार बघावेत. कंत्राटदार आला म्हणून झाडू दुसऱ्या जातीच्या हातात गेला नाही. गेली ती कायम नोकरी.

बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे दोन शत्रू सांगितले होते: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. युनियनवाल्याने त्यातला एकच ऐकला, आपल्या विद्वानांनीही एकच. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे हवेत, असे ते स्पष्ट मांडतात. बाजाराची तरफदारी करणाऱ्यांनी त्याचे उत्तर द्यावे.

खाजगी क्षेत्रात वाटा मागणारा भोपाळ जाहीरनामा त्या मोर्चाच्या दोन वर्षे आधी, जानेवारी 2002 मध्येच आला होता. मोर्चात हाती पडलेली पत्रके मी जपून ठेवली आहेत. दलित संघटनांची वगळली, तर एकातही ही मागणी नाही.