न झालेल्या कुस्त्यांचा इतिहास

गामा पैलवान आणि अमेरिकेचा फ्रँक गॉच यांची कुस्ती झाली असती, तर कोण जिंकलं असतं? आमच्या चांदवडात कुस्तीचा विषय निघाला की हा प्रश्न आजही येतो. आग्रा रोडवरच्या हॉटेलात चहा घेणारी जुनी माणसं त्याचं उत्तर एका शब्दात देतात: गामा. तरुण पोरं मोबाईल काढतात, वजनं आणि उंच्या शोधतात आणि वाद वाढवतात. मला या वादात रस आहे, पण निकालापेक्षा एका वेगळ्या कारणासाठी. एकाच काळात, एकाच वयाचे दोन अव्वल पैलवान समोरासमोर आलेच नाहीत, तर त्यांना कोणी अडवलं? जी कुस्ती झाली नाही तिलाही इतिहास असतो. तो पंचांच्या वहीत मात्र सापडत नाही.

आधी निकालाचा अंदाज बांधू. १९१० साली गामा ३२ वर्षांचा होता आणि गॉचही जवळपास त्याच वयाचा. दोघे ऐन भरात होते. अंदाज बांधायला आपल्याकडे एक चांगलं साधन आहे: दोघेही ज्यांच्याशी लढले असे पैलवान. पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को हा त्यातला मोठा. १ जून १९१० रोजी शिकागोत गॉचने त्याला सलग दोनदा चीत केलं. पहिल्यांदा तर अवघ्या सहा-सात सेकंदांत. तेव्हा झिबिस्को हात मिळवायला पुढे आला होता आणि गॉचने तीच संधी साधली, अशी तक्रार त्याच वेळी झाली. दुसऱ्यांदा मात्र अर्ध्या तासाच्या आत त्याने त्याला सरळ लढतीत पाडलं.

तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, लंडनमध्ये तोच झिबिस्को गामासमोर उभा राहिला. खरं तर उभा राहिला म्हणणं चूक. सुरुवातीलाच तो खाली गेला आणि जवळजवळ सगळा वेळ मॅटला चिकटून राहिला. दोन तास पस्तीस मिनिटांनी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये गामाने अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला पंधरा मिनिटांत तेरा वेळा खाली आदळलं होतं. गॉचनेही या रोलरला हरवलेलं होतं.

नुसता हिशेब मांडला तर पारडं गॉचकडे झुकतं. त्याने झिबिस्कोला पाडलं, गामाला ते लंडनमध्ये जमलं नाही. पण कुस्ती म्हणजे त्रैराशिक नव्हे. पोटावर पालथ्या पडून राहिलेल्या, शंभर किलोच्या वरच्या माणसाला उलथवणं किती कठीण असतं, हे उरुसातल्या कुस्त्या पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. तिथे असा पैलवान दिसला की लोक ओरडतात, ‘उठव त्याला!’ गामा लाल मातीत, वेळेचं बंधन नसलेल्या, खांदे टेकले की संपणाऱ्या कुस्तीत वाढला होता. गॉचचं हुकमी हत्यार होतं पायाचा पंजा पिरगळून समोरच्याला शरण आणणं. त्याचा सराव गामाला नव्हता. म्हणून माझा अंदाज असा: मातीत गामा, पहिल्या दहा मिनिटांत. शिकागोच्या मॅटवर, तीनपैकी दोनच्या नियमाने, गॉचला संधी होती, पण कुस्ती लांबली तरच. गामाचा पहिला तडाखा सोसून उभा राहिलेला माणूस त्या काळात फारसा दिसत नाही. १९२८ च्या जानेवारीत पतियाळात झिबिस्को मातीत उतरला, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. तेव्हा दोघेही पन्नाशीला टेकले होते.

आता मूळ प्रश्न. गामाने लंडनमध्ये असताना गॉचला आणि हॅकेनश्मिटला जाहीर आव्हान दिलं होतं. दोघेही आले नाहीत. ‘घाबरले’ असं म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धवट आहे. अमेरिकेत गामाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या कुस्तीवर तिकिटं खपणार नव्हती. हरलं तर जगज्जेतेपद एका गुलाम देशाच्या माणसाकडे जाणार होतं. जिंकण्यात फायदा नाही आणि हरण्यात सर्वस्व जातं, अशी जोड कुणी कशाला लावील?

त्याच वर्षी, ४ जुलै १९१० ला, जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याने रेनो गावी जिम जेफ्रीजला हरवलं आणि अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या. पुढच्या वर्षी जॉन्सनची लंडनमध्ये बॉम्बार्डियर बिली वेल्सशी लढत ठरली होती. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. गोरा माणूस सगळ्यांसमोर काळ्याकडून हरताना दिसला तर साम्राज्यात काय होईल, याची धास्ती त्या काळी उघड बोलली जात होती. गामा लंडनमध्ये उतरला तो याच हवेत.

पण जॉन्सनची कहाणी इथे संपत नाही, आणि मला ती आपल्या सोयीची करून सांगायची नाही. सॅम लँगफर्ड हा त्याच काळातला दुसरा काळा मुष्टियोद्धा. १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला गुणांवर हरवलं होतं. पुढे लँगफर्ड अधिक भारी, अधिक तयार झाला. १९०८ ते १९१५ जॉन्सन जगज्जेता होता. त्या सात वर्षांत त्याने लँगफर्डला किताबासाठी एकही लढत दिली नाही. ज्याला वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं केलं गेलं, त्यानेच आत गेल्यावर आपल्या माणसासाठी दार लावून घेतलं. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात पैसा जास्त होता, हे त्याचं कारण. कारण समजतं, पण लँगफर्डचं नुकसान त्यामुळे कमी होत नाही.

प्रत्येक टळलेल्या लढतीमागे भीती किंवा पैसाच असतो असंही नाही. गामाच्या तोडीचा पैलवान त्याच्याच घरात होता: धाकटा भाऊ इमामबख्श. १९१० मध्ये लंडनला त्याने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला काही मिनिटांत पाडलं. १९१२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं. युरोपच्या प्रवासात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून ही कल्पना त्यांना सुचली होती. त्या मैदानातली पहिली मोठी कुस्ती इमामबख्श आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली आणि इमामबख्श जिंकला. मराठी कुस्तीची पंढरी मानल्या गेलेल्या मैदानाची सुरुवात दोन मुस्लिम पैलवानांनी झाली, ही गोष्ट आज मुद्दाम आठवावी लागते. महाराजांना तेव्हा ती मुद्दाम करावी लागली नव्हती. त्यांना उत्तम जोड हवी होती, ती त्यांनी लावली.

गामा विरुद्ध इमामबख्श ही त्या काळातली सर्वांत तुल्यबळ जोड ठरली असती. माझ्या मते इमामबख्शने थोरल्याला बराच वेळ झुंजवलं असतं. पण ती कुस्ती झाली नाही, कारण थोरल्या भावाची पाठ मातीला लावायची नसते. हा अदब होता. तो कुणावर लादलेला नव्हता आणि त्यात कुणाचा हक्क बुडाला नाही.

तिसरा प्रकार आपल्या जास्त जवळचा. १९४७ नंतर गामाचं घराणं पाकिस्तानात राहिलं. इमामबख्शचा मुलगा भोलू १९४९ मध्ये तिकडचा विजेता झाला. इकडे १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे आणि १९६० मध्ये गणपत आंदळकर हिंदकेसरी झाले. भोलू आणि खंचनाळे ऐन भरात एकाच आखाड्यात आले असते तर? वयाने खंचनाळे बारा वर्षांनी लहान, म्हणून १९६० च्या सुमाराला मी त्यांच्या बाजूने बोललो असतो. इथे ना कोणी घाबरलं, ना कोणी अदब पाळला. एक रेषा आखली गेली आणि एकाच मातीची, एकाच डावपेचांची परंपरा दोन देशांत वाटली गेली.

जत्रेत जोड लावणारा माणूस दोन पोरांचे हात धरून त्यांना शेजारी उभं करतो. वजन, उंची, तयारी डोळ्यांनी तोलतो आणि मग हलगी वाजते. गावाचा त्याच्यावर भरवसा असतो, कारण तो पोराचं आडनाव विचारून जोड लावत नाही. ज्या दिवशी तो आधी आडनाव विचारील, त्या दिवसापासून उरुसातही न झालेल्या कुस्त्यांची यादी सुरू होईल. ती यादी कुठे लिहिली जाणार नाही आणि पुढे चहा पिता पिता लोक विचारत राहतील, ती दोघं लढली असती तर?