आल्सास
फ्रान्सच्या ईशान्येस व्होज पर्वत व ऱ्हाईन नदी यांमधील चिंचोळा प्रदेश. १८७१ ते १९१८ आणि पुन्हा १९४० नंतर काही वर्षे तो जर्मनीकडे होता. गावांच्या नावांत आणि जेवणात ते अजून जाणवते. स्ट्रासबर्ग हे मुख्य शहर. मद्यव्यापाराचे जुने केंद्र असलेले कोलमार व्होजच्या पर्जन्यछायेत येते. तेथे पाऊस बेताचाच पडतो आणि द्राक्षांना तो मानवतो. वाइन मुख्यतः पांढरी. फ्रान्समधील रूढ प्रघात सोडून बाटलीवर सहसा गावाऐवजी रीसलिंग, गेवुर्त्स्ट्रामिनर अशी द्राक्षाच्या जातीची नावे असतात. १९७२ पासून ही वाइन प्रदेशातच बाटलीबंद करणे बंधनकारक आहे. आंबवलेल्या कोबीवर डुकराचे मांस व सॉसेज रचून वाढलेला ‘शूक्रूत’ येथील प्रमुख पदार्थ. त्यासोबत रीसलिंग चालते. उग्र वासाच्या मन्स्तेर चीजपुढे मात्र सुगंधी गेवुर्त्स्ट्रामिनरच टिकाव धरते.