अंकुराची वाढ आणि पांढरी चादर

आम्ही जांभूळहून बोलतोय.

शाळेतल्या लहान मुलांना फोनवर सिनेमा करायला शिकवायचं म्हटल्यावर गटाच्या बैठकीत कुरकुर झाली. आधीच पोरं फोन सोडत नाहीत, त्यात आणखी हे! म्हणून आम्ही आधी एक जुनी गोष्ट सांगितली.

१९१२ साल. दादासाहेब फाळके लंडनहून सिनेमाचं तंत्र शिकून आले. पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतलं. चित्रं सलग फिरवली तेव्हा मिनिटभरात बियाला कोंब फुटून वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात ती हीच फिल्म. ती दाखवून भांडवल उभं राहिलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडलेच.

आपण लोकलने जातो त्या दादरला मग ‘राजा हरिश्चंद्र’चं काम चाललं. ३ मे १९१३ ला तो मुंबईत लागला. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या आणि रात्री अंधारात फिल्मच्या पट्टीला कडेने भोकं पाडायच्या. फिल्म धुणंही त्या शिकल्या होत्या. तारामतीचं काम मात्र अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण बाई मिळेना. पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी मंदाकिनी. चित्रपट कसा तयार होतो हे लोकांना कळावं म्हणून दादासाहेबांनी १९१७ साली त्यावरच एक फिल्म केली होती.

पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि शाळेचे धडे टीव्हीवर दिसू लागले. आमच्यातल्या काहींना ते आठवतं. पण तिथे मुलांनी फक्त बघायचं. २०१७ साली तीही बंद झाली.

आम्ही पोरांना डब्यात वाल पेरायला लावले. फोन विटांच्या आधाराने एका जागी ठेवला, जागा खडूने आखली, रोज त्याच वेळी एक फोटो. तीस दिवसांचे तीस फोटो, सेकंदाला पाच या वेगाने लावले तर सहा सेकंद! “महिनाभर पाणी घातलं आणि एवढंच?” एक पोरगी म्हणाली. पण टीव्हीवरचं सगळं असंच कापून, जोडून दाखवतात, हे त्या सहा सेकंदांत तिला कळलं. आता जाहिरात लागली की ती विचारते, मधलं काय काढलंय?

एक चूक आमचीच. फोन मुलग्यांच्या हाती आणि उजेडासाठी पांढरा पंचा धरून उभ्या मुली, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. फोन पडेल, फुटेल, म्हणून मुलींना द्यायला आम्हीच कचरलो होतो.

येत्या शनिवारी मूग पेरतोय. फोन मुलींकडे राहील. ज्यांच्या घरी जुना, पण कॅमेरा चालणारा फोन पडून आहे, त्यांनी बैठकीला येताना चार्जरसकट घेऊन यावा.