मानेतली शीर आणि सोनोग्राफीचं यंत्र

आपल्या परभणी जिल्ह्यात 'सोनोग्राफी' म्हटलं की गरोदर बाई आठवते. त्यामुळे आयसीयूतले डॉक्टर एखाद्या आजोबांच्या मानेवर प्रोब टेकवतात, तेव्हा नातेवाइकांना प्रश्न पडतो, की मानेची सोनोग्राफी कशाला?

बीपी फार खाली गेलं की ते उचलून धरायची औषधं हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ देता येत नाहीत. ती शिरेबाहेर झिरपली तर तिथली कातडी मरू शकते. म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नळी नेतात. हीच सेंट्रल लाइन.

1929 साली वेर्नर फोर्समान या जर्मन तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून 65 सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकवली आणि खात्री करायला तो एक्स-रेच्या खोलीत गेला. त्याबद्दल बोलणी खाल्ली. नोबेल मिळालं 1956 मध्ये. 1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगरने सुईतून तार आणि तारेवरून नळी ही युक्ती काढली. आजही आम्ही तेच करतो.

पण शीर दिसत नव्हती. मानेचे स्नायू आणि बोटाखाली लागणारे धमनीचे ठोके, एवढ्या खुणांवर सुई घालायची. गंमत अशी की शीर सगळ्यांची एकाच जागी नसते. कुणाची धमनीच्या अगदी वर असते, तर जुलाबांनी सुकलेल्या पेशंटची चपटी झालेली असते. सुई धमनीत गेली तर मानेत रक्त साठतं, फुफ्फुसाला लागली तर छातीत हवा भरते. 1980 च्या दशकात डॉक्टर अल्ट्रासाउंडने शीर शोधू लागले, आणि 2002 मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने मानेतल्या लाइनसाठी त्याची शिफारस केली. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात 35 अभ्यास आणि 5108 पेशंट होते. चुकून धमनी टोचण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

त्याच काळात आपल्याकडे हेच यंत्र वेगळ्या कारणाने गाजत होतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला, देशाने 1994 मध्ये. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 807 मुली होत्या. कायदा का लागला, हे या आकड्यावरून कळतं. 2012 च्या नियमाने हातात उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवरही बंधनं आली. कायदा यंत्र बघतो. ते पोटावर ठेवलं की मानेवर, हे नाही. म्हणून आयसीयूतल्या यंत्राचीही नोंदणी लागते. माझ्या मते त्या कागदांचा त्रास सोसावा आणि यंत्र आयसीयूतच ठेवावं. रात्री दोन वाजता रेडिओलॉजीच्या कुलूपबंद खोलीतलं यंत्र काय कामाचं?

संमतीपत्रावर सही करताना "सोनोग्राफीवर बघून टाकणार का?" असं खुशाल विचारा. आणि डॉक्टरांनी स्क्रीन दाखवलीच तर दोन काळे गोल दिसतील. प्रोबने हलकंसं दाबल्यावर चपटा होतो तो शिरेचा, आणि गोलच राहून उडत राहतो तो धमनीचा.