गर्भिणीचे मनःस्वास्थ्य व नवजाताचे आरोग्य : वर्धा जिल्हा

गर्भिणीची मनःस्थिती व अर्भकाचे आरोग्य यांचा संबंध भारतीय वैद्यकाने फार पूर्वीच मानलेला आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत गर्भवतीला दोन हृदयांची मानून तिच्या इच्छा अपूर्ण राहिल्यास गर्भाला बाधा पोहोचते, असे सांगितले आहे. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दावरून आला. अपुऱ्या डोहाळ्यांमुळे अपत्यात व्यंग येते, ही समजूत आधुनिक वैद्यकास मान्य नाही. तथापि डोहाळजेवण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे इ. रूढींमुळे गर्भवतीचे मन राखणे हे कुटुंबाचे कर्तव्य ठरले. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीस जाणाऱ्या मजूर स्त्रियांना मात्र असा विसावा क्वचितच लाभे.

कस्तुरबा गांधी यांच्या निधनानंतर (१९४४) महात्मा गांधींच्या प्रेरणेने सेवाग्राम येथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी लहान रुग्णालय सुरू झाले. तेच पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून वाढले. डॉ. सुशीला नायर (१९१४–२००१) यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. विद्यार्थ्यांनी खेड्यात राहून कुटुंबांच्या आरोग्याची माहिती घ्यावी, अशी तिची शिक्षणपद्धती आहे. देशातील माता-बालसंगोपनाच्या नोंदींत वजन, रक्तदाब व रक्तक्षय यांना स्थान मिळाले. मनःस्थितीची नोंद मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिली.

मातेच्या खिन्नतेचा अंदाज घेणारी दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मूलतः प्रसूतीनंतरच्या काळासाठी होती. पुढे गर्भारपणातही वापरली जाऊ लागली. गोव्यातील मातांच्या पाहणीत (२००६) गर्भारपणातील मानसिक अस्वास्थ्य व नवजाताचे कमी वजन, म्हणजे २,५०० ग्रॅ. पेक्षा कमी वजन, यांचा संबंध आढळला. खिन्न स्त्रीचा आहार व झोप कमी होते, तपासणी टळते. दीर्घ ताणामुळे शरीरातील संप्रेरकांचे प्रमाणही बदलते.

यावरून मातेस दोष देणे अयोग्य होय. तिच्या खिन्नतेमागे बहुधा दारिद्र्य, पतीची मारहाण व मुलाचा हव्यास ही कारणे असतात. शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी मदत जाहीर केलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. कर्जाने ग्रासलेल्या अशा घरातील गर्भवतीच्या मनाची विचारपूस ही वजन-रक्तदाबाइतकीच आवश्यक तपासणी ठरते.