भित्र्या कुत्र्याचा कारखाना

१९५७ साली एमजीएमच्या हिशेबनिसांच्या लक्षात आलं की, टॉम अँड जेरीची जुनीच चित्रं पुन्हा थिएटरला लावली तरी नव्यांच्या जवळपास कमाई होते. मग नवी काढायचीच कशाला? कंपनीने अ‍ॅनिमेशनचा विभाग बंद करून टाकला. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे या मांजर-उंदराचे जनक. त्यांच्या चित्रांना सात ऑस्कर मिळाले होते (ते घ्यायला मंचावर निर्माते फ्रेड क्विम्बी जात, ही गोष्ट वेगळी). पंचेचाळिशी ओलांडलेले हे दोघे एकाएकी बेकार झाले.

त्याच वर्षीच्या जुलैत दोघांनी दिग्दर्शक जॉर्ज सिडनी यांना सोबत घेऊन स्वतःची कंपनी काढली. पैसा कोलंबियाच्या ‘स्क्रीन जेम्स’ या टीव्ही शाखेकडून आला. बार्बेरा न्यूयॉर्कच्या एका बँकेतली कारकुनी सोडून चित्रांकडे वळलेला. विनोद सुचणं आणि तो कागदावर उतरवणं हे त्याचं काम. हॅनाकडे वेळेचं गणित होतं. कोणत्या ठोक्याला पात्र आपटलं की हसू येतं, हे त्याला नेमकं कळत असे. या दोघांची भागीदारी पुढे हॅनाच्या मृत्यूपर्यंत टिकली.

अडचण पैशाची होती. टॉम अँड जेरीच्या सात मिनिटांच्या एका चित्रावर चाळीस हजार डॉलरच्या पुढे खर्च होई. टीव्हीवाले पाच मिनिटांच्या भागाला तीन हजारांच्या आसपास देत होते. हजारो चित्रं काढून प्रत्येक हालचाल जिवंत करण्याची जुनी पद्धत या भावात बसणारीच नव्हती. हॅना-बार्बेरांनी मग चित्रं कमी केली. पात्र बोलताना फक्त ओठ हलायचे, धड जागच्या जागी राहायचं. धावताना पायांची तीच चार-सहा चित्रं पुन्हा पुन्हा फिरायची आणि मागून तेच झाड, तोच दगड, तीच खिडकी सरकत राहायची. योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलर आणि टाय आठवतो? उघड्याबंब अस्वलाला टाय कशाला, असा प्रश्न कुणाला पडला नाही. पण त्या कॉलरमागे पक्का हिशेब होता. डोकं एका पारदर्शक शीटवर, धड दुसऱ्या शीटवर. दोन्हींचा सांधा कॉलरखाली लपला की नुसतं डोकं बदलून काम भागतं. चक जोन्ससारख्या जुन्या जाणत्या अ‍ॅनिमेटरने या प्रकाराची ‘सचित्र रेडिओ’ अशी संभावना केली. टोमणा झोंबणारा असला तरी खोटा नव्हता. कथा आता आवाजावर चालत होती, आणि म्हणूनच डॉज बटलर आणि डॉन मेसिक हे दोन आवाजाचे कलाकार या कंपनीचा कणा ठरले.

पहिली मालिका ‘रफ अँड रेडी’ डिसेंबर १९५७ मध्ये एनबीसीवर आली. मांजर आणि कुत्रा, दोघे मित्र. १९५८ मध्ये निळा, संथ बोलणारा हकलबेरी हाउंड आला आणि त्याच्याच कार्यक्रमात योगी अस्वल. एमी पुरस्कार मिळवणारी ही पहिली अ‍ॅनिमेटेड मालिका. योगी इतका गाजला की १९६१ मध्ये त्याला स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. १९६० चे ‘फ्लिंटस्टोन्स’ तर रात्रीच्या वेळी, मोठ्यांसाठी. कंपनी फोफावली आणि १९६६ च्या अखेरीस ‘टाफ्ट ब्रॉडकास्टिंग’ला विकलीही गेली. मालक बदलले तरी कारभार हॅना-बार्बेरांकडेच राहिला.

आपला भित्रा कुत्रा जन्माला आला तो यानंतर. त्याच्या जन्माला कुणाचं स्वप्न किंवा एका रात्रीत सुचलेली कल्पना कारण झाली नाही. कारण झाल्या तक्रारी.

साठच्या दशकाच्या मध्यावर शनिवारची सकाळ ही अमेरिकन मुलांची हक्काची कार्टूनची वेळ झाली होती. त्या वेळी पडद्यावर महावीरांची गर्दी होती. ‘स्पेस घोस्ट’, ‘हर्क्युलॉइड्स’, सगळी हॅना-बार्बेराचीच पिलावळ, सगळी मारामारीची. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी हिंसाचाराची कारणं शोधायला आयोग नेमला. टीव्हीवरची हिंसा हा घरोघरचा विषय झाला. बोस्टनजवळ पेगी शॅरन आणि इतर मातांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना उभारली ती त्याच वर्षी. वाहिन्यांना महावीर गुंडाळणं भाग होतं. पण त्या जागी दाखवायचं काय?

सीबीएसचे दिवसाचे कार्यक्रम ठरवणारे फ्रेड सिल्व्हरमन यांनी ‘आर्ची’ या कार्टून मालिकेचं यश पाहिलं होतं. कॉलेजच्या उंबरठ्यावरची पोरं, गाणी, थोडा पोरकटपणा. त्यांना हवी होती अशीच पोरं, शिवाय रेडिओवरच्या जुन्या रहस्यमालिकेची हवा. हॅना-बार्बेराचे लेखक जो रुबी आणि केन स्पिअर्स कामाला लागले. पहिल्या खर्ड्यात पाच पोरांचा वाद्यवृंद होता आणि सोबत बोंगो वाजवणारा ‘टू मच’ नावाचा कुत्रा. कुत्रा मोठा आणि भित्रा असावा की लहान आणि खोडकर, यावर खल झाला. मोठा आणि भित्रा ठरला. केसाळ मेंढपाळी कुत्रा घेतला असता तर तो आर्चीच्या कुत्र्यासारखा दिसला असता, म्हणून ग्रेट डेन. त्यावर ‘मार्माड्यूक’ या वर्तमानपत्री चित्रपट्टीतला ग्रेट डेन आड येतो की काय, ही धाकधूक होतीच. ती बार्बेराने मोडून काढली.

१९६९ च्या हंगामासाठी हा प्रस्ताव ‘हूज स्केअर्ड?’ या अर्थाच्या, अडखळत उच्चारायच्या नावाने सीबीएसच्या वरिष्ठांसमोर गेला. मांडणीची चित्रं पाहून अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी नकार दिला. लहान मुलांसाठी हे फार भीतिदायक आहे, असं त्यांचं मत पडलं. सिल्व्हरमन यांनी ज्या मालिकेवर सगळा हंगाम बेतला होता तीच हातची गेली. तोडगा सरळ होता: भीती कमी, हसू जास्त. आणि हसवू शकणारी पात्रं दोनच, तो कुत्रा आणि त्याचा तितकाच भित्रा, कायम भुकेला मित्र शॅगी. वाद्यवृंद गेला, बोंगो गेले, कुत्रा मागच्या रांगेतून मध्यभागी आला. नाव मात्र विमानात सापडलं. फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’च्या शेवटी तो जे निरर्थक बोल गुणगुणतो, त्यातून सिल्व्हरमन यांनी ‘स्कूबी-डू’ उचललं.

आता नाव होतं, स्वभाव होता. चेहरा इवाओ ताकामोतोंनी दिला. ते मूळचे लॉस एंजेलिसचे, आईवडील जपानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने हजारो जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात ताकामोतो कुटुंब मांझनारच्या छावणीत होतं. तिथेच सोबतच्या कैद्यांपैकी दोन अनुभवी चित्रकारांकडून हा मुलगा चित्रकला शिकला. १९४५ मध्ये डिस्नेत लागला. ‘सिंड्रेला’, ‘लेडी अँड द ट्रॅम्प’, ‘स्लीपिंग ब्यूटी’ अशा चित्रांवर काम करून १९६१ मध्ये हॅना-बार्बेराकडे आला. स्टुडिओत एक सहकारी ग्रेट डेन पाळणारी होती. ताकामोतोंनी तिच्याकडून अस्सल जातिवंत ग्रेट डेनची लक्षणं विचारून घेतली. ताठ पाठ, सरळ पाय, भक्कम जबडा. मग बसून एकेक लक्षण उलटं केलं. पाठीला पोक दिलं, पाय वाकडे केले, हनुवटी मागे ढकलली. रंगसुद्धा जातीला न शोभणारा. प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या कुत्र्याचा हा पुरता उलटा अवतार. मला वाटतं, या संस्थेने काढलेलं सर्वांत बुद्धिमान चित्र हेच. शूर दिसायला हवा त्या देहात भित्रेपणा घातल्यावर विनोदासाठी वेगळं काही करावंच लागत नाही. तो नुसता उभा राहिला तरी चालतं. जिथे हालचालीची चित्रं परवडत नव्हती, तिथे स्थिर चित्रानेच काम करायचं, हे ताकामोतोंना नेमकं उमगलं होतं. मागचे अंधारे वाडे आणि ओसाड जत्रा यांची शैली डिस्नेतूनच आलेल्या वॉल्ट पेरेगॉय यांची.

आवाज डॉन मेसिकचा. बारा वर्षांपूर्वी ‘रफ अँड रेडी’तलं मांजर बोललं होतं ते याच माणसाच्या गळ्यातून. जवळपास प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला ‘र’ची गुरगुर घालण्याची त्याची हातोटी ‘जेट्सन्स’मधल्या अ‍ॅस्ट्रो या कुत्र्यावर आधी घोटलेली होती. शॅगीला रेडिओ निवेदक केसी केसम यांनी आवाज दिला. ते स्वतः शाकाहारी. १९९५ मध्ये एका बर्गरच्या जाहिरातीत शॅगीचा आवाज द्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी काम सोडलं, आणि २००२ मध्ये परतले ते शॅगी यापुढे मांस खाणार नाही या अटीवर.

‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’चा पहिला भाग १३ सप्टेंबर १९६९ रोजी लागला. दोन हंगामांत मिळून पंचवीसच भाग. साचा एकच: ओसाड वाडा, भूत, पळापळ, सापळा, आणि शेवटी मुखवटा ओढला की खाली कुणीतरी ओळखीचा लबाड. बहुधा जागा स्वस्तात लाटायला किंवा दडवलेलं धन गाठायला लोकांना पळवून लावू पाहणारा. भुताच्या मागे जमिनीचा व्यवहार असतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

साचा खपतो म्हटल्यावर कंपनीने त्याच्या नकला काढायचा सपाटा लावला. कधी कुत्र्याच्या जागी बोलणारी मोटार (‘स्पीड बगी’), कधी शार्क (‘जॅबरजॉ’). त्यातली एकही मूळ कुत्र्याच्या जवळपास पोचली नाही. १९७२ पासून स्कूबीच्याच तासाभराच्या भागांत पाहुणे कलाकार आणून बसवले. सिल्व्हरमन एबीसीत गेले, त्यांच्यामागोमाग १९७६ मध्ये कुत्राही. रुबी आणि स्पिअर्स यांनी १९७७ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. प्रेक्षक घटू लागले तसा १९७९ मध्ये भाचा स्क्रॅपी-डू आला, लहान आणि खोडकर. दहा वर्षांपूर्वी बैठकीत नाकारलेला तोच पर्याय! मालिका वाचली हे खरं, पण पुढे अनेक चाहत्यांनी त्या पिल्लाचा इतका राग धरला की २००२ च्या चित्रपटात त्यालाच खलनायक करावं लागलं.

कारखाना मात्र विखुरत चालला होता. खर्च वाचवायला चित्रांचं काम ऑस्ट्रेलिया, तैवान, फिलिपिन्सला जाऊ लागलं. काम परदेशी जातंय म्हणून हॉलिवूडच्या अ‍ॅनिमेशन कामगारांनी १९८२ मध्ये संप केला. काम परतलं नाही. कमी खर्चाचा जो मंत्र १९५७ मध्ये दोघांना तारून गेला, त्यानेच पुढे त्यांच्या लोकांची टेबलं रिकामी केली. १९९१ मध्ये टेड टर्नर यांनी कंपनी विकत घेतली. त्यांना मुख्यतः हवा होता जुन्या चित्रांचा साठा. त्याच्या बळावर ऑक्टोबर १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झालं. १९९५ मध्ये ते भारतात आलं, आणि केबल घेतलेल्या मराठी घरांत पाव शतक जुना हा कुत्रा नवाकोरा म्हणून पाहिला गेला. नव्वदीत वाढलेली पिढी त्याला आपल्याच वेळचा समजते, ते यामुळे.

मेसिक १९९७ मध्ये गेले. हॅना मार्च २००१ मध्ये वारले आणि त्याच वर्षी स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅनिमेशन विभागात विरघळला. बार्बेरा डिसेंबर २००६ मध्ये, ताकामोतो त्यानंतर महिन्याभरातच, जानेवारी २००७ मध्ये. १९६९ मध्ये फ्रेड या पात्राचा आवाज देणारे फ्रँक वेल्कर २००२ पासून फ्रेडसोबत स्कूबीचाही आवाज देत आले आहेत. जुन्या पंचवीस भागांपैकी एखादा हाती लागला, तर पळापळ बाजूला ठेवा आणि कुत्रा नुसता उभा असलेली दृश्यं तेवढी पाहा.